चारुताला समजावण्याचा बेत

मृणालिनीनं सावनीला जेवायला बोलावलं, त्यात जेवणाचा भाग अगदीच किरकोळ होता. भरली वांगी, मसालेभात, चिंचगुळाची आमटी आणि आदल्या दिवशी चक्का टांगून केलेलं श्रीखंड, हे सगळं निमित्त. खरं काम वेगळं होतं. सावनीनं चारुताला इंग्लंडमधल्या विद्यापीठाबद्दल खरं काय ते सांगायचं होतं, आणि खरं काय ते मृणालिनीनं तिला सोमवारीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं.

आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. घरातलं मूल ऐकेनासं झालं, की आईबापांनी स्वतः बोलणं थांबवायचं आणि बाहेरून एखादी ताई किंवा दादा मागवायचा. तो वयानं थोडा मोठा हवा, चांगला शिकलेला हवा, आणि मुख्य म्हणजे मुलाला आवडणारा हवा. त्याला जेवायला घालायचं आणि मधेच स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणायचं, "तू जरा दोन गोष्टी समजावून सांग, तुझं ऐकेल." सायन्सला जायचं की आर्ट्सला, लग्न करायचं की नाही आणि केलं तर कुणाशी, हे कितीतरी घरांत अशाच कुणा दादानं दुसऱ्यांदा भात घेता घेता ठरवलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात येऊन मृणालिनीला पंचवीस वर्षं झाली होती, पण यापेक्षा बरा उपाय तिला सुचला नाही. सुचणार कसा? तिला स्वतःला इंजिनिअरिंगला घालणारा असाच एक श्रीरंगदादा होता.

प्रश्न साधा होता आणि त्याला मुदत होती. चारुताला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक डेव्हिसच्या विद्यापीठाचं, म्हणजे घरापासून गाडीनं दोन तास. शुक्रवारी क्लास संपवून निघालं तर रात्री जेवायला घरी. दुसरं इंग्लंडमधल्या यॉर्कचं, आणि तेही पुरातत्त्व शिकायला. डेव्हिसला हो की नाही ते कळवायची मुदत उद्या, एक मेला संपत होती. गिरीशनं, म्हणजे चारुताच्या बाबांनी, एक तोडगा काढून पाहिला होता की आत्ता दोन्हीकडे हो म्हण, मग बघू. त्यावर चारुता म्हणाली, "बाबा, दॅट्स चीटिंग. त्यात कुणाची तरी सीट जाते." गिरीशनं तो विषय परत काढला नाही. एरवीही तो घरात फारसा बोलत नसे. दिवसभर मीटिंगमध्ये बोलून त्याचा कोटा संपलेला असायचा.

पुरातत्त्वाचं खूळ पोरीच्या डोक्यात दोन उन्हाळ्यांपूर्वी शिरलं. गावातल्या एका उत्खननातून निघालेली जुनी खापरं साफ करायला स्वयंसेवक हवे होते, तिथे ती नाव देऊन आली. मृणालिनी हे मैत्रिणींना सांगायची तेव्हा कपाळावर हात मारून सांगायची. घरात स्वतःचा दुधाचा कप कधी विसळला नाही, आणि तिथे जाऊन दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी फोडलेली भांडी टूथब्रशनं घासत बसते! मैत्रिणी हसायच्या. मृणालिनीही हसायची, कारण तेव्हा तिला वाटलं होतं की कॉलेजच्या अर्जात लिहायला बरं आहे.

आता हसू येत नव्हतं. पुरातत्त्वात नोकरी नाही, इंग्लंडचा व्हिसा पुढे मिळत नाही, तीन वर्षांची डिग्री इथे कुणी मोजत नाही, असं ती गेला महिनाभर चारुताला सांगत होती. यातलं काही खरं होतं, काही तिनं कुठंतरी वाचलेलं होतं, आणि काही तिनं बोलता बोलता तयार केलं होतं. खरं कारण एकच होतं आणि ते तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं. ही पोरगी घरात नसेल तर आपण काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टिंगची मॅनेजर होती, हाताखाली चौदा माणसं होती, पण संध्याकाळी साडेपाचला गॅरेजचं दार उघडलं की वरच्या खोलीत दिवा आहे का, हे पाहिल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे. हे कारण करिअरच्या गप्पांत कुठं बसवणार? म्हणून तिनं ते बसवलं नाही, आणि सावनीला बोलावलं.

सावनी कराडची. पुण्याला इंजिनिअरिंग, मग वर्षभर लीड्सला मास्टर्स, आणि आता इथे बे एरियात पीएचडी, बॅटरीत वापरायच्या कसल्याशा पदार्थावर. मंडळाच्या गणपतीत तिनं आणि चारुतानं पिवळी जाकिटं घालून दोन दिवस पार्किंग सांभाळलं होतं. तेव्हापासून चारुता घरात "सावनीताई म्हणते की" अशी वाक्यं टाकायला लागली होती. इंग्लंडात राहिलेली, चारुताला आवडणारी आणि वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळलेली अशी मुलगी अख्ख्या मंडळात एकच होती.

मृणालिनीनं तिला नऊ मुद्दे पाठवले होते. पाऊस, अंधार, बुरशी धरलेल्या खोल्या, बेचव खाणं, दारू पिणारी पोरं, आठवड्यातून आठच तास शिकवणं, कंजूष मार्क, एकटेपणा आणि शेवटी नोकरी. "याच क्रमानं सांगितलंस तर बरं," असंही खाली लिहिलं होतं. उत्तरादाखल सावनीनं एक अंगठा पाठवला. मृणालिनीनं तो होकार धरला. या वयाच्या मुलांचा अंगठा म्हणजे नुसतं 'वाचलं' एवढंच असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी सहाच्या सुमाराला गिरीश सावनीला स्टेशनवरून घेऊन आला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मागचं दार उघडं ठेवून चौघं जेवायला बसली. चारुता ताईच्या शेजारी, आणि मृणालिनी बरोबर समोर, म्हणजे दोघींचे चेहरे दिसावेत.

"सावनी, तिकडे राहायची सोय कशी होती गं?" पहिलं वांगं वाढता वाढताच तिनं सुरुवात केली.

"काय सांगू काकू, भंगार!" सावनी म्हणाली, आणि मृणालिनीला बरं वाटलं. "एका खासगी मालकाची स्टुडंट्ससाठीची बिल्डिंग होती. पाच जणांत एक किचन. हीटिंग सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, त्याच्या टायमरवर. मी कानटोपी घालून झोपायचे. आणि कपाटामागे ही एवढी बुरशी. मालकाला सांगितलं तर म्हणाला, खिडकी उघडी ठेवा."

"ऐकलंस?" मृणालिनी चारुताला म्हणाली.

"मग काय केलंत?" चारुतानं ताईला विचारलं.

"काय करणार? मी तिचं नाव भाऊसाहेब ठेवलं. म्हणजे बुरशीचं. रोज सकाळी वाढलेली असायची ना, आमच्या कराडच्या एका मामांसारखी, काही न करता. मग सगळेच भाऊसाहेब म्हणायला लागले. एक ग्रीक मुलगी होती, एक नायजेरियाचा मुलगा, दोन तिथलेच इंग्लिश. रात्री ग्रीक मुलगी दार वाजवून विचारायची, हाऊ इज भाऊसाहेब टुडे?"

चारुता इतकी हसली की तिला ठसका लागला. गिरीशनं पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि तोही हसत होता. मृणालिनीनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं हसू आवरून आमटी वाढून घेतली.

बुरशी वाया गेली. ती खाण्याकडे वळली. तिकडचं खाणं म्हणजे उकडलेला बटाटा आणि वर मीठ, हो ना? सावनी म्हणाली, अगदी खरं, म्हणून तर पहिल्या रविवारी तिनं वरणाला फोडणी द्यायला घेतली. मोहरी तडतडली, धूर झाला आणि फायर अलार्म वाजला. एकट्या किचनचा नव्हे, सगळ्या इमारतीचा. दीडशे पोरं भर पावसात खाली पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली, त्यातला एक टॉवेलवर होता. अग्निशमनवाले आले आणि त्यांनी विचारलं की आग कुठाय, तेव्हा सावनी हातात डाव घेऊन पुढे झाली.

"ओ माय गॉड. तुला ओरडले?"

"नाही गं. त्यातला एक म्हणाला, व्हॉटएव्हर इट इज, इट स्मेल्स लव्हली. त्यानंतर लिफ्टमध्ये जो तो विचारायचा, तूच ना ती? पुढच्या रविवारी अकरा जण वरणभात खायला आले. माझी निम्मी दोस्ती त्या अलार्ममुळे झाली. तू गेलीस तर फोडणी खिडकीपाशी दे, दार बंद करून. आणि आधी अलार्म कुठं आहे ते बघून घे."

तू गेलीस तर! मृणालिनीनं मसालेभाताचा चमचा भांड्यावर जरा जोरात आपटला. सावनीला ती खूण कळली असावी, कारण तिनं मान हलवली आणि प्रामाणिकपणे पुढच्या मुद्द्यांकडे वळली. पोरगी खोटी नव्हती. खाल्ल्या मिठाला जागायचा तिचा पूर्ण विचार होता. तिनं सांगितलं की पोरं पितात, फार पितात, पहिल्या आठवड्यात तर दुसरं काही करतच नाहीत. हातात संत्र्याचा रस धरून उभं राहिलं तर कुणी काही म्हणत नाही, पण उभं राहून कंटाळा येतो. आणि शिकवतात म्हणशील तर आठवड्याला आठ तास. कधी सहाच.

"सहा!" मृणालिनी म्हणाली. "आणि बाकीचा वेळ?"

"वाचायचं. लिस्ट देतात पुस्तकांची, ही लांबलचक. रोजचं होमवर्क नाही, क्विझ नाही, एक्स्ट्रा क्रेडिट नाही. वाचलंस का म्हणून कुणी विचारत नाही. टर्मच्या शेवटी एक निबंध आणि एक परीक्षा, संपलं. आपल्यासारख्या मुलांना ते फार जड जातं, काकू. मला पहिले दोन महिने कळायचंच नाही की मी अभ्यास करतेय की नुसती बसलेय."

"आणि पोर्टल?" चारुतानं विचारलं.

"कसलं पोर्टल?"

"म्हणजे आईबाबांना ग्रेड्स कुठं दिसतात?"

"दिसतच नाहीत. अठरा वर्षांची झालीस की तू आणि ते. आईनं फोन केला तरी सांगत नाहीत. तुझ्या परवानगीशिवाय तू तिथे शिकतेस की नाही एवढंसुद्धा सांगणार नाहीत."

चारुतानं श्रीखंड वाढून घेतलं. गेली सहा वर्षं तिच्या प्रत्येक चाचणीचा निकाल तिच्याआधी आईच्या फोनवर वाजत होता. मृणालिनीचा फोन या क्षणीही टेबलावर ताटाशेजारी पडला होता. तिनं तो उलटा करून ठेवला.

"मार्कांचं सांग," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा चढला होता.

"हां, मार्क. पहिल्या निबंधाला मला अठ्ठावन्न पडले. शंभरात. दहावीला मला सत्त्याण्णव टक्के होते, यार. मी बाथरूममध्ये जाऊन रडले."

"अठ्ठावन्न म्हणजे इथे एफ," मृणालिनी म्हणाली.

"तिथे ठीकठाक असतात. सत्तर म्हणजे एकदम भारी, ऐंशी कुणाला पडत नाहीत. पण मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तडक ट्यूटरकडे गेले. मार्गारेट म्हणायचो आम्ही तिला, सगळे नावानंच हाक मारतात. तिनं माझ्या निबंधावर दीड पान लिहिलं होतं, काय पटलं नाही आणि का. एक वाक्य होतं, इथे तू दुसऱ्याचं मत सांगते आहेस, तुझं कुठंय? काकू, माझं लिहिलेलं इतकं नीट तोवर कुणी वाचलंच नव्हतं."

"आमच्या नागपूरला साठला फर्स्ट क्लास होता," गिरीश म्हणाला. संपूर्ण जेवणातलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"तुला कुणी विचारलंय?" मृणालिनी म्हणाली.

तरीही तिनं धीर सोडला नव्हता, कारण एकटेपणाचा मुद्दा अजून बाकी होता आणि तो तिनं हुकमाच्या पानासारखा शेवटाकडे ठेवला होता. आणि खरंच, तिथे सावनीचा सूर बदलला. डिसेंबरमध्ये साडेतीनला दिवे लागतात, ती म्हणाली. ख्रिसमसला पाचातले चौघं घरी गेले. अकरा दिवस ती त्या फ्लॅटमध्ये एकटी होती. दुकानं बंद, बसेस बंद. सुपरमार्केट उघडलं तेव्हा तिथलं बिल करायचं मशीन 'थँक यू' म्हणालं, आणि तिच्या लक्षात आलं की चार दिवसांत आपल्याशी बोललेलं हे पहिलंच कुणीतरी. मग तिला ताप आला. डॉक्टरकडे नाव नोंदवलेलं नव्हतं, ते पहिल्या आठवड्यातच करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस ती बिस्किटं आणि चहावर राहिली.

"नाव पहिल्या आठवड्यात नोंदवायचं," सावनी चारुताला म्हणाली. "आणि ख्रिसमसला कुणाकडे जायचं ते ऑक्टोबरातच ठरवायचं. आपल्याला वाटतं कुणी बोलावल्याशिवाय कसं जायचं. तिथे सरळ विचारायचं असतं. विचारलं की हो म्हणतात. न विचारता आपणहून कुणाला सुचत नाही."

चारुता चमच्यानं श्रीखंडात रेघा ओढत होती. मृणालिनीनं ते पाहिलं आणि तिच्या छातीवरचं ओझं कितीतरी दिवसांनी हललं. लागलं, ती मनात म्हणाली, बरोबर लागलं. इथे ती थांबली असती तर काम झालं असतं. चौदा माणसांना ती रोज हेच सांगायची की ठरलेल्या तपासण्या झाल्या की हात काढून घ्या, उगाच इकडेतिकडे बटणं दाबत बसू नका. पण जिंकायला आलेल्या माणसाला थांबणं सुचत नाही. तिला वाटलं, एक शेवटचा हात मारून घ्यावा.

"आणि तुझी आई गं?" ती हळव्या आवाजात म्हणाली. "एकुलती एक मुलगी इतक्या लांब. तिचे काय हाल झाले असतील!"

"आईचे? हो ना," सावनी म्हणाली. "बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात ती एकटीच. शाळेत शिकवते ती, कराडलाच. शाळेतून यायची आणि दार लावून बसायची. पहिले पंधरा दिवस फोनवर नुसती रडली. म्हणायची, भात एका माणसाचा होतच नाही, उरतोच. मी तर परत यायचं तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं."

"बघ," मृणालिनी म्हणाली. तिच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग दिवाळीनंतर गाडी शिकली."

"काय शिकली?"

"गाडी. चारचाकी. बाबांची नुसती उभी होती ना, अंगणात. चौपन्नाव्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात आमचं फाटक पाडलं तिनं. शेजारचे काका म्हणाले, वहिनी, पुरे आता. ती म्हणाली, फाटक बसवून घ्या, मी उद्या परत काढणार आहे." सावनी हसायला लागली. "आता शाळेतल्या तीन बाईंना घेऊन हिंडते. मागच्या मे महिन्यात गोकर्णाला जाऊन आल्या चौघी. मी फोन केला की म्हणते, आत्ता नको गं, घाटात आहे. खरं सांगू का, मी तिथे असते तर ती शिकलीच नसती. मीच चालवली असती ना."

चारुतानं चमचा खाली ठेवला.

"म्हणजे शी वॉज ओके?" तिनं विचारलं.

"ओके? आता मीच तिला मिस करते. तिला वेळ नसतो."

"पण किती दिवसांनी? एक्झॅक्टली?"

"अं... दोन महिने. अडीच म्हण."

"अडीच," चारुता म्हणाली. ती उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं, आणि "मी आलेच" म्हणून वर तिच्या खोलीत गेली.

मृणालिनी सावनीला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेऊन गेली. राग दाबून ती म्हणाली, "असं कसं गं केलंस तू? मी तुला एवढं लिहून पाठवलं होतं."

"काकू, मी आठ मुद्दे सांगितले, नोकरीचा तेवढा राहिला." सावनी गोरीमोरी झाली होती. "आईचा मुद्दा लिस्टमध्ये नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मग काय खोटं सांगायचं होतं का मी?"

मृणालिनीनं श्रीखंडाचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि चारुता लॅपटॉप उघडा धरून खाली आली. तिनं तो ओट्यावर, आईच्या समोर ठेवला.

स्क्रीनवर डेव्हिसचं पान होतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं भरलेलं. 'मी प्रवेश स्वीकारते' यापुढे खूण केलेली. फक्त खालचं शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं.

"हे कधी भरलंस?" मृणालिनीनं विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी? म्हणजे तू..."

"मी डेव्हिसलाच जाणार होते, आई. मी ठरवलं होतं. उद्या सांगणार होते तुला, सरप्राइज म्हणून." चारुताचा आवाज अगदी साधा होता, शाळेतला डबा विसरल्याचं सांगावं तितका साधा. "तू करिअरचं वगैरे सांगत होतीस ना, त्यानं नाही. ते मला पटलंच नव्हतं. मला वाटायचं की मी गेले तर तुला जमणार नाही. सिक्स्थ ग्रेडमध्ये मी तीन दिवस सायन्स कॅम्पला गेले, तर तू दोनदा तिथपर्यंत ड्राइव्ह करून आलीस. गेटबाहेर गाडी उभी करून बसलीस. मी पाहिलं होतं तुला. आय नेव्हर टोल्ड यू."

गिरीश दारात येऊन उभा राहिला होता. सावनीला कुठं पाहावं ते कळेना, म्हणून ती उगाच नळाखाली ग्लास धरून उभी राहिली.

मृणालिनीला आधी समजलं ते एवढंच की ती जिंकलेली होती. मंगळवारीच. भरली वांगी, श्रीखंड, नऊ मुद्दे यांतल्या कशाचीही गरज नव्हती. गप्प बसली असती तर पोरगी शुक्रवारच्या शुक्रवारी घरी येत राहिली असती. मग तिला दुसरी गोष्ट समजली, आणि ती जास्त लागली. सतरा वर्षांच्या मुलीनं महिनाभर आईचे सगळे मुद्दे ऐकून घेतले होते, एकही पटला नव्हता, आणि तरी ती थांबायला तयार झाली होती, कारण जो मुद्दा आईनं लपवून ठेवला होता तोच तिला पहिल्यापासून दिसत होता. मृणालिनीला लाज वाटली.

"आई, खरं सांग," चारुता म्हणाली. "सावनीताईच्या आईला जमलं. तुला जमेल?"

दोन्ही उत्तरं मृणालिनीच्या हातात होती. नाही म्हटलं तर आत्ता, या ओट्यावर, ते बटण दाबलं जाणार होतं. हो म्हटलं तर ती थाप झाली असती, आणि या पोरीला आईच्या थापा लगेच कळत होत्या. संध्याकाळभर तिनं दुसऱ्याच्या तोंडून बोलून घेतलं होतं. आता सावनी पाठ करून ग्लास विसळत होती, आणि गिरीशकडे पाहण्यात काही अर्थ नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "नाही जमणार मला."

चारुतानं मान हलवली. तिचा हात लॅपटॉपकडे गेला.

"थांब. माझं बोलणं संपलेलं नाही." मृणालिनीनं तिचा हात धरला. "मला नाही जमणार. अडीच महिने नाही आणि सहा महिनेही नाही. मी गाडी वगैरे काही शिकणार नाही, ती मला येतेच. मी रोज फोन करीन आणि तू उचलला नाहीस तर मला वाटेल तू तापानं पडली आहेस. मी तुझ्या बाबांचं डोकं खाईन. पण ते माझं आहे, चारू. ते तू कशाला सांभाळतेस? माझ्यासाठी तू डेव्हिसला गेलीस, तर दर शुक्रवारी तू दारातून आत येशील आणि मला कळेल की ही इथे का आहे. ते तर मला मुळीच जमणार नाही."

"मग मी काय करू?"

"जा तू. यॉर्कला जा."

चारुतानं ती खूण काढली, खालच्या 'मी प्रवेश नाकारते' या ओळीपुढे केली आणि बटण दाबलं. पान बदललं. आपला निर्णय आम्हाला कळला, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा, असं काहीतरी दोन ओळींत आलं. मृणालिनीनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि तिथेच, ओट्याला टेकून, परक्या मुलीसमोर मोठ्यानं रडायला लागली.

"आई. आई, नको ना. मी नको जाऊ का?" चारुता घाबरून म्हणाली. "मी त्यांना ईमेल करते, अजून उद्यापर्यंत वेळ आहे."

"जा म्हटलं ना!" मृणालिनी रडता रडताच तिच्यावर ओरडली.